बाबांच्या पुस्तकांतल्या चिठ्ठ्या

प्रश्न : ताई, माझे बाबा या फेब्रुवारीत गेले. वय ८२. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना चोवीस वर्षं झाली होती आणि त्यातला एक दिवस वाचनाशिवाय गेला नसेल. घरात सुमारे २,८०० पुस्तकं आहेत. आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, दिवाळीनंतर जागा रिकामी करायची आहे. भाऊ बंगळुरूला असतो. एका ग्रंथालयात विचारलं, तर पाच वर्षांपेक्षा जुनी पुस्तकं घेत नाही म्हणाले. शिवाय वर्षश्राद्धाला बाबांवर एक छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यावी, असं आईच्या मनात आहे. मी चार पानं लिहिली. प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख, ज्ञानपिपासू. वाचून पाहिलं तर ते कुणाचेही बाबा वाटतात. पुस्तकांचं काय करू, आणि पुस्तिकेचं?

ता. क. : जेवताना एखादा शब्द अडला की बाबा उष्टा हात वर धरून उठायचे आणि डाव्या हाताने शब्दकोश काढून उभ्या उभ्या बघायचे. आमटी गार व्हायची. कोशाच्या त्या खंडावर हळदीचा डाग आहे.

— एक लेक, कोथरूड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानं वाचायची गरज मला वाटली नाही, कारण ते शब्द वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीत रोज भेटतात. पण ता. क. मधल्या ओळी वाचल्या आणि तुमचे बाबा माझ्यापुढे उभे राहिले, उष्टा हात खांद्याच्या वर धरून. पुस्तिका तिथून सुरू करा. तो शब्द कुठला होता? कोणी विचारला होता? आमटी परत गरम करून कोण वाढायचं? आईंना विचारा, भावाला फोन करून विचारा. तिघांच्या तीन आठवणी निघाल्या तर तिन्ही लिहा.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. पुस्तकं हलवायच्या आधी एकेक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळा, आणि त्यात जे सापडेल त्यातून बाबांबद्दल लिहा. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. लोकांना हे सांगत आले. माझ्या वडिलांच्या पुस्तकांच्या वेळी मात्र माझ्या हातून ते झालं नाही, आणि ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचे अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नारायण पेठेतल्या वाड्यातून सायकलने जायचे-यायचे. पगार झाला की परतताना सायकल अप्पा बळवंत चौकात थांबायची. केतकरांचा ज्ञानकोश त्यांना हवा होता. १९२० च्या दशकात निघालेले त्याचे २३ खंड एकगठ्ठा घेण्याची ऐपत आमच्या घरात नव्हती, म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते सुटा खंड मिळेल तसा आणायचे. एकोणीस जमले. उरलेल्या चार खंडांच्या जागा त्यांनी फळीवर मोकळ्या ठेवल्या होत्या. त्या फटींत आम्हाला कंपासपेटीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. आज तो सगळा ज्ञानकोश संगणकावर वाचता येतो. मी वाचतेही. पण ते चार खंड पडद्यावर उघडले की मला त्या चार फटी आठवतात.

प्रत्येक खंडाच्या कोऱ्या पानावर अण्णा तीन गोष्टी लिहायचे : तारीख, किंमत, आणि त्या दिवशी घरात काय घडलं. ‘साडेतीन रुपये. धाकटीला गोवर, ताप उतरला.’ ‘चार रुपये. आज हिने पहिल्यांदा उकडीचे मोदक न फुटता केले.’ घरात कुणाकडेच रोजनिशी नव्हती. आमच्या घराचा इतिहास त्या एकोणीस पानांवर आहे, आणि माझ्या धाकट्या बहिणीला गोवर कधी आला ते आम्ही आजही ज्ञानकोशात बघतो.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासला. मी सात वर्षांची होते. अण्णांनी आम्हा तिघा भावंडांना आणि आईला सदाशिव पेठेत वरच्या अंगाला आत्याकडे पोचवलं. पुस्तकांसाठी परत फिरले तेव्हा वाड्याच्या गल्लीत पाणी शिरलेलं होतं, म्हणून तसेच माघारी आले. खालच्या दोन फळ्या बुडाल्या. पुढचे कित्येक दिवस आत्याच्या माडीवर दोऱ्या बांधून पुस्तकं वाळत घातलेली मला लख्ख आठवतात. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, ओले झाले की बदलायचे, परत घालायचे. हे काम आम्हा मुलांचं होतं. गुळगुळीत कागदावरची चित्रं एकमेकांना चिकटली ती कायमचीच. त्यातला एक खंड आता माझ्याकडे आहे. उघडला की शिवणीच्या खोबणीत करड्या रंगाची रेघ दिसते. बोट फिरवलं तर गाळ अजून पिठीसारखा बोटाला लागतो. त्या खंडाच्या शेवटच्या पानावर एकच ओळ आहे : ‘पानशेत. तिन्ही मुलं आणि ही सुखरूप.’ किती पुस्तकं गेली त्याचा आकडा त्यांनी कुठेच लिहिलेला नाही.

तुमच्या बाबांबद्दल तुम्ही ‘ज्ञानपिपासू’ लिहिलंत आणि शेजारी ‘कुटुंबवत्सल’ लिहायच्या बेतात असाल. हे दोन गुण वेगवेगळ्या परिच्छेदांत टाकू नका. अशा माणसांत ते वेगळे नसतातच. एक प्रसंग सांगते.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा कर्नाटकातून ओडिशाकडे जाणार होता, पुण्यात खंडग्रास दिसणार होतं. मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते, सातवा महिना. सासूबाईंचा निरोप होता : बाहेर पडायचं नाही, काही चिरायचं-कापायचं नाही. आईने दुपारीच खिडक्या लावून घेतल्या. अण्णांनी कुणाशी वाद घातला नाही. पश्चिमेच्या खिडकीचं एक दार त्यांनी अर्धं उघडलं, स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा आणला आणि समोरच्या भिंतीपासून दोन हातांवर उन्हात धरला. भिंतीवर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या. झाऱ्याच्या भोकाभोकातून सूर्याची एकेक प्रतिमा. मी पलंगावर बसून बघत होते. चंद्रकोरी हळूहळू बारीक होत गेल्या. अण्णांचा हात दुखायला लागला तेव्हा झारा आईने धरला. ग्रहण नको म्हणणारी माझी आई पदर खोचून उभी होती आणि अण्णा भिंतीजवळ जाऊन मोजत होते. खगोलशास्त्राच्या एका पुस्तकाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं : ‘झाऱ्याला भोकं ४७, चंद्रकोरी ४७. पोरीने घरात बसून पाहिल्या.’

त्या समासाचं पान मी आता पाठ म्हणू शकते. तुमच्या २,८०० पुस्तकांत असे समास असणार. जेवणावरून उठून कोश बघणारा माणूस पेन्सिलीशिवाय वाचत नसतो.

आता माझी चूक. अण्णा १९९८ मध्ये गेले. पुस्तकात खूण म्हणून ते चिठ्ठ्या घालत. जुन्या कॅलेंडरची पानं कापून केलेल्या, दोन बोटं रुंदीच्या. मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख आणि एखादा प्रश्न. ‘कटाच्या आमटीला कट का म्हणतात? मोल्सवर्थ बघणे.’ (मोल्सवर्थ म्हणजे त्याचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश.) ‘मुठा आणि मुळा, नावं कुठून?’ ‘पाणी आलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं घड्याळ किती वाजता बंद पडलं? विचारून ठेवणे.’ मी महिनाभराची रजा काढली आणि ग्रंथपालाच्या सवयीने कामाला लागले. विषयवार गठ्ठे लावले. पुस्तक उलटं धरून झटकायचं, धूळ पुसायची, गठ्ठ्यावर ठेवायचं. चिठ्ठ्या खाली पडत गेल्या. त्या मी जपल्या, एका बुटाच्या खोक्यात सगळ्या नीट ठेवल्या. कुठली चिठ्ठी कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानात होती, ते लिहून घेतलं नाही. दोनशेच्या वर चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या साठ-सत्तर मी गेल्या काही वर्षांत पुस्तकं परत वाचून जागेवर लावू शकले. बाकीचे प्रश्न खोक्यात आहेत आणि ते कशावरून पडले ते सांगणारं पान माझ्यापाशी नाही.

म्हणून तुम्ही असं करा. एक शंभर पानी वही घ्या. पुस्तक उघडलं की आधी वहीत लेखक आणि शीर्षक. मग आत जे असेल ते : चिठ्ठी, बसचं तिकीट, दुकानाची पावती, वाळलेलं पान, अधोरेखित ओळ, समासातला शेरा. प्रत्येकापुढे पान क्रमांक. चिठ्ठी काढायचीच असेल तर तिच्या मागे पेन्सिलीने पुस्तकाचं नाव आणि पान लिहा, मगच काढा. मोबाइलवर फोटो घ्या, पण पान क्रमांक दिसेल असा. रोज ३० पुस्तकं धरली तर तीनेक महिने लागतील. एकटीने करू नका. रविवारी भाच्यांना-पुतण्यांना बोलवा आणि आईंना खुर्ची टाकून मधे बसवा. एखादी पावती हातात दिली की त्या अर्धा तास बोलतील. ते बोलणं लिहून घ्या. तुमची पुस्तिका तीच.

पुस्तिकेत ‘त्यांनी कुणाला काय शोधून दिलं’ असं एक प्रकरण ठेवा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. अशा घरांत सोसायटीतली माणसं बाळाचं नाव, खताचं प्रमाण, जुन्या गावाचा रस्ता विचारायला येतात. त्यांना भेटा. इस्त्रीवाल्यालाही विचारा. आणि बाबांच्या अक्षराचा एक फोटो छापा, तोही चांगल्या कागदावर.

आता पुस्तकांची वाटणी. ज्या प्रतींवर बाबांचं लिखाण आहे त्या ग्रंथालयांना देऊ नका. ग्रंथालयाच्या लेखी ती शेरे मारलेली, खराब प्रत असते आणि पहिल्या निर्लेखनात, म्हणजे नको असलेली पुस्तकं नोंदीतून काढताना, बाद होते. त्या घरातच राहू देत. भावाच्या आणि तुमच्या मुलांना प्रत्येकी दहा-बारा निवडू द्या. नव्या घरात एक कपाट एवढी जागा निघते.

उरलेल्यांसाठी टेम्पो घेऊन कुणाच्या दारात जाऊ नका. यादी घेऊन जा : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती. ज्या ग्रंथालयाने तुम्हाला नाही म्हटलं, त्यांच्यावर रागावू नका. मांडणीवर जागा नसते आणि दाखल नोंदवहीत चढवलेलं प्रत्येक पुस्तक पुढे सांभाळावं लागतं. मात्र आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांतली शासनमान्य ग्रंथालयं गावोगाव आहेत. मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या छोट्या वाचनालयांना यादी पाठवून बघा, कथा-कादंबऱ्या आणि चरित्रं ती आनंदाने घेतात. मुलांची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत. स्थानिक इतिहास, जुन्या नियतकालिकांचे अंक, पोथ्या किंवा मोडीतले कागद निघाले तर ते वेगळे काढा आणि भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत आधी लेखी विचारा. मंडळ १९१० चं, भांडारकर १९१७ चं. तिथल्या जाणत्या माणसांनी एकदा यादीवरून नजर फिरवली तरी काय मोलाचं आहे ते तुम्हाला कळेल. जे कुणालाच नको असेल ते अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याला द्या. पैसे थोडे येतील, पण तिथून ते एखाद्या सायकलवाल्याच्या हातात पडेल. किलोवर मोजणाऱ्या रद्दीवाल्याला सगळ्यात शेवटी.

प्रश्न : आजी, आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटात कसर लागली आहे, आणि खालच्या फळीला वाळवी पण दिसते. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली, कपाट कुणी उघडलं नव्हतं. मला ती वाचवायची आहेत. मी बारावीत आहे. डांबराच्या गोळ्या टाकू का?

— नातू, धायरी

उत्तर : कपाट उघडलंस ते फार बरं केलंस. डांबरगोळ्या नकोत. घरात माणसं झोपतात, तो वास अंगाला चांगला नाही, आणि आत बसलेली कीड त्याने जाईल याची खात्री नसते.

वाळवी आणि कसर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वाळवीचं घर भिंतीत किंवा जमिनीत असतं, पुस्तकं पुसून ती जाणार नाही. कपाट भिंतीपासून ओढ, खालची पुस्तकं दुसऱ्या खोलीत ने आणि आईबाबांना सांगून कीडनियंत्रणवाल्याला बोलाव. नंतर शक्यतो लोखंडी कपाट घ्या, आणि ते भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

कसरीची आवडती जागा म्हणजे पुठ्ठ्याच्या आतली खळ. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी. एकेक पुस्तक गच्चीवर सावलीत नेऊन मऊ ब्रशने झाड, पाठीच्या कण्यापाशी जरा जास्त वेळ. फार मोलाची पाच-सात पुस्तकं असतील तर प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद कर आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस. पुस्तक खोलीइतकं कोमट होईपर्यंत, म्हणजे एक दिवस, तसंच राहू दे, नाहीतर पानांवर पाणी धरेल. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं घेऊन सुटते. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवलेस तर हरकत नाही. पण खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा दारं उघडायची आणि एखादं पुस्तक काढून वाचायचं.

आणि झाडताना पुस्तक उलटं धरून झटकू नकोस. का, ते वरच्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझं वय ७४. आमच्या ह्यांना जाऊन आठ महिने झाले. सगळे भेटायला येतात आणि म्हणतात, काय वाचन होतं, काय व्यासंग होता. मी मान हलवते. खरं सांगायचं तर मला त्या पुस्तकांचा फार राग यायचा. सातवीपर्यंत शिकलेली मी. लग्नानंतर एकावन्न वर्षं संध्याकाळी ते पुस्तकात आणि मी स्वयंपाकघरात. वाईट माणूस नव्हता, पोरांचं सगळं केलं, मला कधी उलट बोलले नाहीत. पण माझ्या वाट्याला कितीसे आले? आता पुस्तकांतून कागद डोकावतात. मुलगा म्हणतो, आई, रद्दीत देऊन टाकू. मलाही वाटतं द्यावीत. असं वाटणं चूक आहे का?

— एक गृहिणी, शनिवार पेठ

उत्तर : वहिनी, चूक नाही. एकावन्न वर्षांचा राग आठ महिन्यांत जात नाही, आणि लोक कौतुक करतात म्हणून तो गिळायचीही गरज नाही. तो तुम्ही कष्टाने मिळवलेला आहे. पुस्तकं ठेवायची की द्यायची हे तुम्हीच ठरवा, मुलांनी नाही.

फक्त माझ्या आईची एक गोष्ट ऐका. आईसुद्धा अण्णांच्या पुस्तकांना सवत म्हणायची, आणि हसत म्हणायची नाही. तिचं माहेर राजापूरकडचं. चौथीपर्यंत शिकलेली. पुस्तकांच्या धुळीने तिला शिंका यायच्या, आणि ती धूळ पुसायचीही तिनेच.

वर मी ज्या चिठ्ठ्यांबद्दल लिहिलं, त्यांतली एक मी अण्णांच्या तेराव्यानंतर तिला वाचून दाखवली. अण्णांच्या अक्षरात होतं : ‘हा शब्द तिला विचारणे. तिच्या माहेरी वेगळा म्हणतात.’

मी विचारलं, कुठला शब्द गं? आई चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ बसली. म्हणाली, “रात्री आडवं पडल्यावर रोज काहीतरी विचारायचे. तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. मला वाटायचं, झोप येत नाही म्हणून बोलतायत. आता त्यातला कुठला म्हणून सांगू?”

मग आम्ही खोक्यातल्या बाकीच्या चिठ्ठ्या पालथ्या घातल्या. ‘तिला विचारणे’ असं लिहिलेल्या आणखी अकरा निघाल्या. माशांची नावं, भाताच्या जाती, पावसाचे प्रकार यांची ती पुस्तकं असणार, असा मी अंदाज बांधते. पण चिठ्ठ्या मी आधीच झटकून काढलेल्या होत्या, त्यामुळे बारापैकी एकही शब्द आईला दाखवता आला नाही. ती गेली तेव्हा त्या बारा चिठ्ठ्या तिच्या पोथीच्या रुमालात होत्या.

तुमच्या ह्यांच्या कागदांवर काय असेल ते मी सांगू शकत नाही. कदाचित किराण्याची यादी असेल. पण तुमचे कागद अजून जागच्या जागी आहेत. मुलाला रद्दीवाल्याला आठवडाभर थांबवायला सांगा. एका दुपारी जेवण उरकल्यावर ज्यातून कागद डोकावतोय असं एक पुस्तक काढा, कागद काढू नका, ते पान तसंच उघडा आणि नातवंडाला शेजारी बसवून दोन्ही वाचून घ्या. आधी कागद, मग पान. जमलं तर काय निघालं ते मला लिहा.